बायोस अपडेट केलं, त्याची सगळी हकीकत

"चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?" बायोसच्या, म्हणजे संगणक चालू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या चिपमधल्या प्रोग्रामच्या बाबतीत हा सल्ला मला आजही बराचसा मान्य आहे. नुसती नवी आवृत्ती आली म्हणून बायोस बदलायचं नसतं. नवा प्रोसेसर बसवायचाय आणि जुनं बायोस तो ओळखत नाही, रॅम तिच्या ठरलेल्या वेगाने चालत नाही, सुरक्षेतलं भगदाड बुजवायचंय, किंवा हार्डवेअरचं नुकसान थांबवायचंय, असं काहीतरी ठोस कारण हवं. माझं कारण शेवटचं होतं.

डेस्कटॉपमधला प्रोसेसर इंटेलच्या तेराव्या पिढीतला, के मालिकेतला. तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले ६५ वॅट आणि त्यावरचे डेस्कटॉप प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे हळूहळू अस्थिर होत जातात, हे २०२४ मध्ये उघड झालं. इंटेलने त्यावर मायक्रोकोडच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या, दुरुस्त्या काढल्या. जूनमध्ये ०एक्स१२५, ऑगस्टमध्ये ०एक्स१२९, सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी. आपल्यापर्यंत त्या मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या बायोसमधून पोहोचतात. मेख अशी की दुरुस्तीने पुढची झीज थांबते, आधी झालेली भरून येत नाही. म्हणजे इथे "बघू नंतर" म्हणण्यात तोटाच होता.

तरीही पहिल्या दिवशी आलेलं बायोस मी टाकत नाही. स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या त्रुटीवरचा उपाय म्हणून आलेल्या मायक्रोकोडमुळे २०१८ च्या सुरुवातीला अनेक संगणक आपोआप रीस्टार्ट व्हायला लागले होते आणि २२ जानेवारीला खुद्द इंटेललाच "तो वापरणं थांबवा" म्हणून सांगावं लागलं होतं. त्यामुळे 'बीटा' लिहिलेलं नको, आणि पक्क्या आवृत्तीलाही काही आठवडे मुरू द्यायचं. तेवढ्यात ती बिघडलेली असेल तर कंपनी गुपचूप पानावरून काढून टाकते आणि आपण वाचतो.

पहिलं काम बोर्डाची ओळख पटवण्याचं. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून एमएसइन्फो३२ टाइप केलं की एकाच पानावर बोर्डाचं नाव, सध्याची बायोस आवृत्ती, तिची तारीख आणि सिक्युअर बूट (फक्त अधिकृत सही असलेलीच सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय) चालू आहे की नाही ते दिसतं. लिनक्सवर हेच काम डीएमआयडीकोड करतं. त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. नावातल्या एकेका अक्षराला इथे किंमत आहे. एकाच नावाचा बोर्ड वायफायसह आणि वायफायविना, डीडीआर४ रॅमचा आणि डीडीआर५ रॅमचा अशा वेगवेगळ्या रूपांत मिळतो आणि प्रत्येकाची फाइल वेगळी असू शकते. त्यातून रिव्हिजन, म्हणजे त्याच बोर्डाची सुधारित आवृत्ती, हा आणखी एक घोळ. एमएसइन्फो३२ मध्ये त्या जागी कधी कधी नुसतं 'एक्स.एक्स' दिसतं. खरा आकडा बोर्डाच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेला असतो, सहसा एखाद्या कोपऱ्यात. कॅबिनेट उघडून टॉर्च मारून बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. फ्लॅश करणारा, म्हणजे चिपमध्ये बायोस लिहिणारा, प्रोग्राम चुकीच्या बोर्डाची फाइल बहुधा नाकारतो, पण त्या 'बहुधा'वर बोर्ड सोडून देणं मला पटत नाही.

मग माझ्याकडची आवृत्ती आणि हवी असलेली आवृत्ती यांच्या मधल्या सगळ्या नोंदी वाचल्या. शेवटची नोंद तेवढी वाचून भागत नाही. "ही टाकण्याआधी अमुक आवृत्ती असलीच पाहिजे" ही अट बऱ्याचदा मधल्याच एखाद्या ओळीत असते. दुसरी शोधायची ती "यानंतर जुन्या आवृत्तीवर परत जाता येणार नाही" ही ओळ. ती दिसली तर निर्णय कायमचा आहे असं धरून चालायचं. तिसरी गोष्ट इंटेलच्या बोर्डांपुरती. मॅनेजमेंट इंजिन, म्हणजे एमई, हा चिपसेटमधला छोटा स्वतंत्र प्रोसेसर. त्याचं फर्मवेअर (चिपमध्ये साठवलेला प्रोग्राम) काही बोर्डांवर बायोसबरोबरच बदलतं, तर काहींवर ते वेगळं आणि ठरावीक क्रमाने टाकावं लागतं. नोंदीत जो क्रम दिलाय तोच पाळायचा.

फाइल फक्त बोर्डाच्या कंपनीच्या सपोर्ट पानावरून घ्यायची. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' देणाऱ्या प्रोग्रामांना बायोसच्या आसपासही फिरकू द्यायचं नाही. पानावर एसएचए-२५६, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा, दिलं असेल तर विंडोजमधल्या सर्टयुटिलने किंवा लिनक्समधल्या एसएचए२५६समने ताडून बघायचं. ते दिलं नसेल तर निदान आकार बघा. झिप उघडल्यावर आतली बायोसची फाइल बहुतेक वेळा चिपच्या आकाराइतकीच असते. १६ एमबीच्या चिपसाठी १,६७,७७,२१६ बाइट्स, ३२ एमबीच्या चिपसाठी ३,३५,५४,४३२ बाइट्स. कॅप्सूल प्रकारच्या फाइलला पुढे हेडर जोडलेलं असतं, म्हणून ती किंचित मोठी निघते. यापेक्षा बरीच लहान दिसली तर डाउनलोड अर्धवट झालंय. माझ्या बोर्डावर तेव्हा चालू असलेल्या जुन्या आवृत्तीची फाइलही त्याच वेळी उतरवून ठेवली. माघार घ्यायची वेळ आली तर ती शोधत बसायला दुसरा संगणक हाताशी असेलच असं नाही.

पेनड्राइव्ह जुना, कमी क्षमतेचा, यूएसबी २.० चा घेतला. बायोसला अशी साधी साधनं लवकर ओळखता येतात. फॉरमॅट फॅट३२ च हवं. ३२ जीबीपेक्षा मोठा पेनड्राइव्ह असेल तर विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत तो पर्यायच दिसत नाही. लोक मग एक्सफॅट करतात आणि बायोसमध्ये पेनड्राइव्ह रिकामा दिसला की गोंधळतात. झिप उघडून फक्त आतली फाइल, कुठल्याही फोल्डरमध्ये न ठेवता, थेट टाकली. पेनड्राइव्ह रीतसर 'इजेक्ट' करून काढला, पुन्हा लावला आणि त्यावरच्या फाइलचं एसएचए-२५६ परत ताडलं. हा मिनिटभराचा सोपस्कार आहे, पण मरायला टेकलेले पेनड्राइव्ह इथेच उघडे पडतात.

आता भीतीचा भाग. उलटं पडलं तर काय, हे फ्लॅश करण्याआधीच ठरवलेलं बरं. बायोस ज्या चिपमध्ये असतं ती आठ पायांची, नखाएवढी एसपीआय फ्लॅश चिप. अपडेट म्हणजे तिच्यातला मजकूर तुकड्या-तुकड्याने पुसायचा, नवा लिहायचा आणि वाचून पडताळायचा. पुसून झालंय पण लिहून झालेलं नाही, अशा क्षणी वीज गेली तर प्रोसेसरला सुरुवात करायला सूचनाच उरत नाहीत. बाकीच्या हार्डवेअरला काहीही झालेलं नसतं. म्हणून "बोर्ड मेला" असं जे म्हटलं जातं, त्यातले पुष्कळसे बोर्ड परत उठवता येतात.

माझ्या बोर्डावर त्यासाठी मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं, म्हणजे पेनड्राइव्हवरून थेट चिप लिहिण्याचं, बटण आहे. त्याला प्रोसेसर लागत नाही, रॅम लागत नाही. पॉवर सप्लायची २४ पिनची आणि प्रोसेसरची ८ पिनची केबल जोडलेली असली की पुरे. मात्र फाइलचं नाव कंपनी सांगेल तेच द्यावं लागतं (एमएसआयच्या बोर्डांना एमएसआय.रॉम, गिगाबाइटला गिगाबाइट.बिन, आसुस नाव बदलून देणारा छोटा प्रोग्रामच झिपमध्ये देते) आणि पेनड्राइव्ह खूण केलेल्या त्याच एका पोर्टमध्ये लावावा लागतो. बटण दाबल्यावर दिवा लुकलुकत राहतो. काही मिनिटांनी तो विझला की काम झालं. तो सुरुवातीलाच लुकलुकायचा थांबून नुसता पेटून राहिला तर फाइल सापडलेली नाही, असं समजायचं. काही बोर्डांवर याऐवजी दोन बायोस चिपा असतात, एक बिघडली तर दुसरी.

यातलं काहीच नसेल तर शेवटचा मार्ग बाहेरून चिप लिहिण्याचा. सीएच३४१ए हा स्वस्तातला प्रोग्रामर आणि आठ पायांचा क्लिप त्यासाठी वापरतात. पण चिप ३.३ व्होल्टची आहे की १.८ व्होल्टची, हे तिच्यावरचा क्रमांक वाचून खात्री केल्याशिवाय क्लिप लावू नका. १.८ च्या चिपला ३.३ दिले तर उरलीसुरली आशाही जाते. आणि दुसऱ्या कोणाच्या बोर्डातून काढलेली अख्खी प्रत आपल्या चिपमध्ये ओतायची नसते. नेटवर्कचा मॅक पत्ता, अनुक्रमांक, यूयूआयडी हे सगळं बऱ्याचदा त्याच चिपमध्ये असतं.

पुढचं काम कंटाळवाणं, पण सर्वांत जास्त उपयोगी पडलेलं. बायोसमधल्या प्रत्येक पानाचे फोटो. बऱ्याच बोर्डांवर पेनड्राइव्ह लावून एफ१२ दाबलं की स्क्रीनचं चित्र त्यावर साठतं. 'सेटिंग प्रोफाइल सेव्ह केलंय की' यावर विसंबू नका. जुन्या आवृत्तीचं प्रोफाइल नवी आवृत्ती बहुतेक वेळा घेतच नाही. डिस्क कुठल्या मोडमध्ये आहे (एएचसीआय, रेड की व्हीएमडी), सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद आहे का, टीपीएम (किल्ल्या जपणारी सुरक्षा सोय), व्हर्च्युअलायझेशन, एक्सएमपी (रॅमचं वेगवान प्रोफाइल), फॅनचे वेग, बूटचा क्रम. हे सगळं नंतर हाताने भरावं लागतं.

बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची, तयारी वेगळी. टीपीएम बूटच्या वेळी फर्मवेअरची मोजमापं घेतं, बायोस बदललं की ती बदलतात, आणि विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागत अडून बसते. "मी बिटलॉकर कधी चालूच केलं नाही" म्हणणाऱ्यांनीही तपासून बघावं, कारण विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन अनेक संगणकांवर आपोआप चालू झालेलं असतं. की आधी मिळवून कागदावर लिहून घेतली आणि तिच्या आयडीची सुरुवातीची आठ अक्षरं याच डिस्कची आहेत ना, ते पाहिलं. मग प्रोटेक्शन 'सस्पेंड' केलं. 'टर्न ऑफ' नव्हे, त्याने अख्खी डिस्क उलगडत बसते. साधं सस्पेंड एका रीस्टार्टनंतर आपोआप संपतं आणि बायोस अपडेटनंतर सेटिंग्ज लावताना अनेकदा रीस्टार्ट करावं लागतं, म्हणून पॉवरशेलमधून सस्पेंड-बिटलॉकर ही आज्ञा रीबूटकाउंट ० देऊन चालवली. मग आपण स्वतः परत चालू करेपर्यंत ते थांबून राहतं. विंडोजचा पिनही टीपीएमशी बांधलेला असतो, तो चालेनासा होऊ शकतो. खात्याचा पूर्ण पासवर्ड आठवतोय ना, हे आधीच बघून ठेवा. महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतला आणि ती डिस्क काढून ठेवली.

प्रत्यक्ष फ्लॅशच्या आधी बायोसमध्ये 'लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स' करून एफ१० ने सेव्ह. याला लोक फाटा देतात, तो देऊ नये. नवी फाइल चिपमध्ये जाण्याआधी रॅममध्ये येते आणि लिहून झाल्यावरची पडताळणीही रॅममधल्या त्याच प्रतीशी होते. ओव्हरक्लॉक केलेल्या किंवा एक्सएमपीवर काठावर चालणाऱ्या रॅमने एखादा बिट पलटवला तर चुकीचं लिहिलेलंही 'बरोबर' ठरू शकतं. त्याच कारणाने रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ ची पूर्ण फेरी आधी चालवून घेतली.

संगणक यूपीएसवर, आणि यूपीएसची बॅटरी खरोखर धरते का हे भिंतीचा स्विच बंद करून आधी तपासलेलं. कीबोर्ड वायरचा. प्रिंटर, हब, बाकीचे पेनड्राइव्ह, सगळं काढलेलं. विंडोजमधून बायोस फ्लॅश करणारे प्रोग्राम बोर्डांच्या कंपन्या देतात, पण डेस्कटॉपवर मी ते वापरत नाही. मागे अँटिव्हायरस, अपडेट आणि दहा ड्रायव्हर चालू असताना हे काम कशाला करायचं? बायोसच्या आतच सोय आहे. आसुसमध्ये तिला ईझेड फ्लॅश म्हणतात, एमएसआयमध्ये एम-फ्लॅश, गिगाबाइटमध्ये क्यू-फ्लॅश, एसरॉकमध्ये इन्स्टंट फ्लॅश.

फाइल निवडली. स्क्रीनवर डावीकडे चालू आवृत्ती आणि तारीख, उजवीकडे नवी. मॉडेलचं नाव दोन्हीकडे तंतोतंत तेच आहे ना, हे परत वाचून 'येस'. पुसण्याची पट्टी झरझर गेली, लिहिण्याची मात्र रेंगाळली. मधेच एका टक्क्यावर ती अशी थबकते की हात आपोआप रीसेटच्या बटणाकडे जायला बघतो. हात मांडीखाली ठेवून बसा, हवं तर. पडताळणी झाली, संगणक स्वतःहून रीस्टार्ट झाला.

आणि स्क्रीन काळी. घाबरवणारा टप्पा हा आहे, पट्टीचा नव्हे. नव्या बायोसला रॅमची वेळापत्रकं नव्याने जुळवावी लागतात. त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर५ मध्ये, त्यातही जास्त क्षमतेच्या किंवा चार पट्ट्या असतील तर, यात कित्येक मिनिटं जाऊ शकतात. तेवढा वेळ मॉनिटर 'सिग्नल नाही' म्हणतो, बोर्डावरचा डीरॅमचा दिवा पेटलेला राहतो, फॅन फिरतात, कधी संगणक बंद होऊन पुन्हा चालू होतो. एमई बदलत असेल तर असे आणखी रीस्टार्ट होतात. सगळं ठीक चाललेलं असताना याच वेळी प्लग ओढून बोर्ड अर्धवट अवस्थेत टाकणारे खूप जण आहेत. घड्याळ लावून अर्धा तास काहीही करायचं नाही, असं आधीच ठरवलं होतं. त्याच्या कितीतरी आधी लोगो दिसला. अर्ध्या तासानंतरही काही नसतं, तर वीज बंद करून सीमॉस क्लिअर करायचं (म्हणजे बायोसची साठवलेली सेटिंग्ज पुसायची), रॅमची एकच पट्टी बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेत लावून बघायचं, आणि मग फ्लॅशबॅक.

लोगोनंतर "सेटिंग्ज मूळ स्थितीत आहेत, सेटअपसाठी एफ१ दाबा" अशा अर्थाचा संदेश आला. तो बिघाड नाही. इथे थेट विंडोजकडे न जाता आधी बायोसमध्ये शिरून डिस्कचा मोड फोटोप्रमाणे लावला. व्हीएमडी आधी चालू असेल आणि आता बंद झालं असेल (किंवा उलट), तर विंडोज निळ्या पडद्यावर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून कोसळते. डिस्क शाबूत असते, विंडोजही शाबूत असते. मोड परत लावला की सुरू होते. याच संदेशाला घाबरून विंडोज पुन्हा टाकणं हा अपडेटचा सर्वांत अनाठायी खर्च.

त्याच फेरीत तारीख-वेळ, टीपीएम (इंटेलमध्ये याचं नाव पीटीटी), सिक्युअर बूट आणि व्हर्च्युअलायझेशन लावलं. व्हर्च्युअलायझेशन राहिलं तर आभासी मशीनं आणि डब्ल्यूएसएल२ (विंडोजमधलं लिनक्स) चालत नाहीत आणि दोष विंडोजवर जातो. एएमडीच्या बोर्डांवर या टप्प्यावर एफटीपीएम (एएमडीचं टीपीएम) रीसेट करायचं का, असा वाय की एन प्रश्न येऊ शकतो. वाय दाबलं तर जुन्या किल्ल्या जातात, म्हणून रिकव्हरी की हातात असल्याशिवाय ते दाबू नका. वीज मर्यादेसाठी बोर्डाचं चढं प्रोफाइल न घेता 'इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज' घेतलं. ज्या त्रासासाठी हा खटाटोप, तोच दुसऱ्या दाराने आत का घ्या? एक्सएमपी मात्र लगेच लावलं नाही. संगणक आधी मूळ वेगावर नीट चालू दिला, मग एक्सएमपी आणि पुन्हा मेमटेस्ट. नाहीतर गडबड नव्या बायोसची की रॅमच्या वेगाची, ते कळायला मार्ग राहत नाही. विंडोजच्या शेजारी लिनक्स असेल तर बूटच्या यादीतून त्याची नोंद उडालेली असू शकते. लाइव्ह यूएसबीवरून ईएफआयबूटएमजीआर या आज्ञेने ती परत घालता येते.

विंडोज सुरू झाल्यावर एमएसइन्फो३२ मध्ये नवी आवृत्ती आणि तारीख पाहिली. पण मला हवा होता तो मायक्रोकोड. विंडोजमध्ये एचडब्ल्यूइन्फो तो आकडा दाखवतो, लिनक्सवर प्रोकमधल्या सीपीयूइन्फो फाइलमध्ये 'मायक्रोकोड' अशी ओळच असते. तिथे ०एक्स१२बी दिसलं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईएच्या, म्हणजे हार्डवेअरच्या, नव्या चुका नाहीत ना, ते बघितलं. मग रिझ्यूम-बिटलॉकर चालवलं. हे राहून गेलं तर डिस्क कुलूप उघडं असलेल्या अवस्थेतच पडून राहते आणि कोणी आठवण करून देत नाही. शेवटी बायोसमध्ये नव्याने प्रोफाइल सेव्ह केलं.

हाच प्रकार लॅपटॉपवर केला तेव्हा क्रम तोच, रीत वेगळी. तिथे कंपनीचा प्रोग्राम, विंडोज अपडेट किंवा लिनक्सवर एफडब्ल्यूयूपीडी नवं फर्मवेअर कॅप्सूल म्हणून ठेवतं आणि पुढच्या बूटला लॅपटॉप ते स्वतः चढवतो. लिनक्सवर एफडब्ल्यूयूपीडीएमजीआरच्या रिफ्रेश, गेट-अपडेट्स आणि अपडेट या तीन आज्ञा पुरतात. फक्त ईएफआय विभाजनात मोकळी जागा हवी. अ‍ॅडाप्टर जोडलेला नसेल किंवा बॅटरी फार उतरलेली असेल तर प्रोग्राम पुढेच जात नाही. बॅटरी निम्म्याहून जास्त भरून, डॉक काढून, मूळ चार्जर थेट लावला. झाकण उघडंच ठेवायचं. एम्बेडेड कंट्रोलरचं (फॅन, कीबोर्ड, चार्जिंग सांभाळणाऱ्या चिपचं) फर्मवेअरही याच वेळी बदलतं, त्यामुळे फॅन एकदम पूर्ण वेगाने सुटतो, कीबोर्डचे दिवे जातात, स्क्रीन मधेच बंद पडते. विंडोज अपडेट हे फर्मवेअर न विचारताही आणतं, म्हणून बिटलॉकरची की लॅपटॉपवाल्यांनी कायमच जवळ ठेवावी. अपडेटनंतर चार्जिंग किंवा टचपॅड विचित्र वागलं तर लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं. कंट्रोलर नव्याने सुरू होतो. सुरूच होत नसेल तर एचपीच्या बऱ्याच मॉडेलांवर विंडोज आणि बी, डेलच्या बऱ्याच मॉडेलांवर कंट्रोल आणि एस्केप दाबून धरलं की रिकव्हरी सुरू होते. आपल्या मॉडेलची नेमकी जोडी आधी शोधून मोबाइलमध्ये लिहून ठेवा, कारण ती लागेल तेव्हा लॅपटॉप बंद असेल.